बुधवारी मी तुला फोन का केला नाही

अंबत्तूर, चेन्नई
रविवार, संध्याकाळ

प्रिय रुचा,

आधी 'चि. सौ. रुचा हिस अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, ज्या मुलीशी आपण पडवळ कोवळं की जून ह्यावरून भांडतो, तिच्याशी एवढं सोवळ्यातलं कशाला बोलायचं? म्हणून नुसतं प्रिय. तुम्ही तिघं ऊर्मीचे शाळेचे बूट आणायला गेला आहात. तुम्ही परत येईपर्यंत माझं लिहून झालं तर हे पत्र तुझ्या बॅगेत लसणीच्या चटणीच्या बरणीशेजारी ठेवीन. एका घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. पण सासऱ्याने सुनेशी तोंडाने बोलायच्या काही गोष्टी असतात आणि काही नसतात. ही नसलेल्यांपैकी आहे. विमानात वाच, म्हणजे मला तुझ्याकडे बघावं लागणार नाही आणि तुला माझ्याकडे.

आज जेवताना तू म्हणालीस, "बस झालं आता. उद्या गेले की राजीनामा देते." कौशिक मान खाली घालून भात कालवत राहिला. मीही आमटी वाढून घेतली. तो तुमचा नवराबायकोचा प्रश्न आहे आणि त्यात म्हाताऱ्याने पडू नये, हे मला कळतं. मी लिहितोय ते बुधवारबद्दल. शुक्रवारी ऊर्मीने तुला खोलीत नेऊन सांगितलं, तू बाहेर आलीस आणि मला विचारलंस, "अप्पा, दोन दिवस झाले. तुम्ही मला एक फोन नाही केलात?" मी म्हटलं, राहून गेलं. ते खोटं होतं. तेव्हापासून तू माझ्याशी मोजकंच बोलते आहेस. चहा मात्र वेळेवर देतेस, त्यावरून कळतं की राग नाही, दुखावली आहेस.

आमच्या घरी ह्याला 'शहाणी झाली' म्हणत, तेही बायका आपसात, दाराआड. तू ऊर्मीला 'पाळी आली' असं सरळ म्हणायला शिकवलं आहेस, तर मीही तसंच लिहितो. बुधवारी ऊर्मीला पहिल्यांदा पाळी आली. घरात मी एकटा होतो.

शाळेची व्हॅन आली, ऊर्मी जिना चढून आली, दप्तर फेकलं आणि न्हाणीघरात गेली. मी चहा टाकला, तिचं दूध गरम केलं. दूध निवलं तरी ती बाहेर येईना. मी दार वाजवलं. आतून आवाज, "तुम्ही जा, आजोबा." मला वाटलं पोट बिघडलंय. आदल्या दिवशी रस्त्यावरची भजी खाल्ली होती तिने, मला माहीत होतं. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "ओवा देऊ का चावायला?" मी पुन्हा दार वाजवलं. मी म्हटलं, "ओवा नको तर लिंबू-साखर घे." तेव्हा ती ओरडली, "आजोबा, ओवा नको! मला ते झालंय!" मी विचारलं, ते म्हणजे काय? तर म्हणाली, "ते! आई सांगते ते!" आणि रडायला लागली.

मग मला कळलं. रुचा, खरं सांगतो, पेरांबूरच्या कारखान्यात माझ्यासमोर एकदा रेल्वेच्या डब्याच्या वायरिंगला आग लागली होती, तेव्हा मी घाबरलो नव्हतो. बुधवारी घाबरलो. मी आधी फोन शोधला, तुला लावायला. वरच्या मजल्यावर जाऊन महालक्ष्मीमामींना बोलवावं तर त्या तांबरमला बहिणीकडे गेलेल्या. कौशिक श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात, त्याची बस संध्याकाळशिवाय निघत नाही. म्हणून तूच. पण माझी चाहूल लागली असावी तिला, कारण आतून आवाज आला, "आईला फोन नका करू हां!" मी म्हटलं, "अगं, मग कोणाला करू? मला ह्यातलं काय कळतं?" तर ती म्हणाली, "आईला मी सांगणार. फोनवर नाही. फोनवर तिचा चेहरा मध्येच अडकतो. मला तिचा चेहरा नीट बघायचाय." आणि मला शप्पथ घ्यायला लावली, दाराला हात लावून. मी लावला. आता सांग, मी काय करायला हवं होतं? तू रागावशील हे मला तेव्हाच दिसत होतं. पण दाराच्या पलीकडे होती तिची मर्जी मोडून तुला फोन केला असता, तर त्या संध्याकाळी ती आणखी एकटी पडली असती.

पुढचा प्रश्न सामानाचा. मी विचारलं, तुझ्या आईने कपाटात काही ठेवलं असेल ना? तर म्हणाली, होतं, आता नाही. का नाही ते मी तेव्हा विचारलं नाही. चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो.

चाळीस वर्षं इथे काढली, पण माझं तमिळ कारखान्यातलं. नट, बोल्ट, ओव्हरटाइम, संप, कँटीनचा सांबार, सगळ्याला माझ्याजवळ शब्द आहेत. ह्याला नव्हता. काउंटरवर ती हरिप्रिया नावाची मुलगी असते ना, मला रक्तदाबाच्या गोळ्या देते ती? तिच्यापुढे उभा राहिलो आणि म्हटलं, घरात मुलगी आहे. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, लहान आहे. ती म्हणाली, ताप आहे का? मी म्हटलं, नाही, लहान होती. आता नाही. त्या पोरीने माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं कळलं. आजोबांना हाक मारावी तशी म्हणाली, "तात्ता, पहिल्यांदा?" मी मान डोलावली. मागे उभे असलेले गृहस्थ जाहिराती वाचायला लागले. ती काउंटरबाहेर आली, तीन-चार प्रकारची पाकिटं माझ्यापुढे ठेवून शांतपणे फरक सांगायला लागली, जशी ती गोळ्या जेवणाआधी की नंतर ते सांगते तशी. मी सगळं ऐकलं. काही कळलं नाही. ती म्हणेल ते घेतलं. निघालो तर मागून पळत आली, माझा चष्मा काउंटरवर राहिला होता, आणि एक चॉकलेट हातात दिलं. म्हणाली, हे तिला माझ्याकडून.

घरी आल्यावर दार बोटभर उघडलं, ऊर्मीचा हात बाहेर आला, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पाकीट तिच्या हातात दिलं. मी कॅलेंडरपुढेच उभा राहिलो. तिला येईल का, जमेल का, मी कोणाला विचारू? इतक्यात आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती चक्क गुणगुणायला लागली. बाहेर आली, तोंड धुतलेलं, कपडे बदललेले, आणि मला म्हणते, "आजोबा, बसा तुम्ही. किती घाम आलाय." मला पाणी आणून दिलं तिने. तिने, मला.

मग दहीभात खाताना मी विचारलं, आईने ठेवलेलं कुठे गेलं? तेव्हा तिने जे सांगितलं ते तुला तिने अजून सांगितलेलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. तिच्या वर्गातली तनया. मागे एकदा शाळेत तनयाला झालं. त्या मुलीला घरात कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. शाळेच्या मागच्या जिन्यात बसून ती रडत होती, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि आपण मरणार, असं म्हणत होती. तू ऊर्मीच्या दप्तरात एक पॅड ठेवलं होतंस, ते हिने तिला दिलं. दुसऱ्या दिवशी कपाटातलंही नेऊन दिलं, कारण तनयाला आईकडे मागायची लाज वाटत होती. आणि तिच्याशेजारी बसून सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणाली, "आईने सांगितलं तेच. मला सगळं पाठ आहे." समुद्रावर सुंडल खाताना तू तिला कधीतरी सांगितलंस म्हणे, मधेच लाट आली आणि चण्यांचा द्रोण वाहून गेला, तरी तुम्ही बोलत राहिलात. तो द्रोण वाहून गेलेलाही तिने तनयाला सांगितला.

मी तिथे दहीभाताच्या ताटापुढे बसून तुझा विचार करत होतो. इथल्या बंदरावरची तुमची कचेरी बंद झाली आणि कंपनीने कोलंबोची जागा देऊ केली, तेव्हा तू नको म्हणून मोकळी झाली होतीस. ऊर्मी तिसरीत होती. कौशिकची आई नुकतीच गेली होती. मीच म्हटलं होतं, जा. मालाचा कोणता डबा कोणत्या जहाजावर कुठे चढवायचा हे काम तुला जमतं, आवडतं, आणि त्याबद्दल बोलताना तू हातवारे करतेस. मी जन्मभर आगगाडीचे डबे केले, मला त्याची गंमत कळते. तेव्हा ठरलं, सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी परत. पहिल्या सोमवारी ऊर्मीने तुझी एक चप्पल तांदळाच्या पिंपात लपवली होती, आठवतं? खाली टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, चप्पल सापडत नाही, शेवटी तू तुझ्या सासूबाईंच्या जुन्या चपला घालून परदेशी नोकरीला गेलीस. शुक्रवारी आलीस तेव्हा पायाला फोड आले होते. ऊर्मीने ते फोड बघितले आणि पुन्हा कधी काही लपवलं नाही.

लोक मला म्हणतात, सून विमानाने कामाला जाते, थाट आहे. थाट काय असतो ते मला विचारा म्हणावं. शनिवारी तू दुपारी झोपतेस ती मेल्यासारखी, आणि ऊर्मी पुस्तक घेऊन तुझ्याशेजारी बसते. तुला जाग येऊ नये म्हणून पान उलटताना ते आधी बोटाने सोडवून घेते. मी दारातून बघतो आणि परत फिरतो.

पण मी बुधवारचं सांगत होतो. संध्याकाळी तुझा नेहमीचा फोन आला. तू विचारलंस, काय विशेष? ऊर्मी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पडवळ आणलं. तू म्हणालीस, जून असणार. मी म्हटलं, कोवळं आहे. रुचा, एवढा खोटेपणा मला पुरे झाला. कौशिकला मात्र मी सांगितलं, जिन्यातच गाठून. तो तिथेच पायरीवर बसला. मग खाली गेला आणि मोगऱ्याचा गजरा आणि बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आला. रॅकेट कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, बरेच दिवस मागत होती. दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता एकाच सोफ्यावर बसून टीव्ही बघत राहिले, पण तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

गुरुवारी मामी आल्या आणि त्यांना कसं कळलं देव जाणे. ताटात हळद, नारळ, वाफवलेल्या पिठाचं गुळाचं पुट्टू, नवं परकर-पोलकं घेऊन हजर. त्यांचा सगळा बेत तयार, पोरीला वेगळं बसवायचं, हळदीचं न्हाणं घालायचं, हॉल घ्यायचा, दोनशे माणसं. इथली रीतच आहे ती. ऊर्मीने पुट्टू घेतलं आणि म्हणाली, "मामी, आई आल्याशिवाय काही नाही. आणि हॉल तर नाहीच." मामींना राग आला. बोलल्या, आमच्या वेळी असं बोलण्याची शामत नव्हती. मग तिथेच खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या त्या तंजावरी मराठीत, जी ऐकताना मला जुनी बखर वाचल्यासारखं वाटतं, स्वतःचं सांगायला लागल्या. बारा वर्षांच्या होत्या. गाणी झाली, जेवणावळ झाली, सोन्याची साखळी मिळाली. ऊर्मीने विचारलं, मग शाळेत कधी गेलात? मामी हसल्या. "शाळा? दुसरे दिवशी शाळा बंद. मज कोण विचारितें? पुस्तकें धाकट्या भावाला दिली." हसतच सांगितलं त्यांनी, पण हातातला नारळ खाली ठेवायचं विसरल्या. ऊर्मी त्यांच्याजवळ जाऊन बसली. नवं पोलकं अंगाला लावून बघितलं, छान आहे म्हणाली. मामी वर जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या आणि हॉलचा विषय पुन्हा काढला नाही.

देवघराबद्दलही तिने विचारलं, आजोबा, मी दिवा लावू की नको? ह्यात मात्र मी पळवाट काढली. म्हटलं, ते तुझी आई ठरवेल. तू शुक्रवारी रात्री तिच्या हातात काडेपेटी दिलीस, ते मी बघितलं. चांगलं केलंस.

असा बुधवार आणि असा गुरुवार. तू नव्हतीस म्हणून ती पोरकी झाली, असं तुझ्या मनाने घेतलंय. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. त्या बंद दाराआड तिला जे जे करायचं होतं ते तिला येत होतं, आणि ते तिला मी शिकवलेलं नव्हतं, मामींनी नव्हतं, कौशिकने तर नव्हतंच.

आता जे लिहायला मी बसलो ते लिहितो. इतका वेळ त्याच्याभोवती फिरत होतो. दुपारी तू राजीनाम्याचं बोललीस तेव्हा ऊर्मी ताट तसंच ठेवून उठली, तुला वाटलं पोट भरलं. ती गच्चीवर गेली होती. मी वाळलेले कपडे आणायला गेलो तर टाकीच्या सावलीत बसलेली. मला म्हणाली, "आजोबा, आईला माझ्यामुळे नोकरी सोडायला लागणार ना?" मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, "तसंच आहे. मला वाटलं होतं, सांगितल्यावर ती खूश होईल. ती रडली. आता काम सोडतेय. मी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं." आणि मग चिमटे गोळा करताना, माझ्याकडे पाठ करून, "पुढच्या वेळी काही झालं तर मी नाही सांगणार." रुचा, हे मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही. ह्या वेळी मला कोणी शप्पथ घातलेली नाही. नोकरी सोडायची तर सोड. थकली असशील तर सोड, कंटाळली असशील तर सोड, रोज सकाळी तिला व्हॅनमध्ये बसवायची तुझी स्वतःची इच्छा असेल तर आनंदाने सोड, मी कोणालाही तुला बोल लावू देणार नाही. पण आपण मोठं झाल्याचं आईला सांगितलं आणि त्याची किंमत आईने भरली, हे ओझं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून सोडू नकोस. तुझं विमान उतरतं तेव्हा ती व्हॅनची वाट बघत जिन्यात बसलेली असते. ऑफिसात पाऊल टाकायच्या आधी घरी फोन कर, मी तिच्या हातात देईन आणि आत निघून जाईन. तिला एवढंच म्हण, बरं झालं तू मला सांगितलंस. हे वाक्य तिला अजून कोणीच म्हटलेलं नाही. राजीनाम्याचं मग शुक्रवारी बघू.

तुझाच,
अप्पा